गणातून विधानसभेकडे: कोकणात ही वाट धरणाऱ्यांसाठी

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, मग विधानसभा. हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. मीही त्याच वाटेवर आहे. आधी ग्रामपंचायत सदस्य झालो, मग रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गणातून, म्हणजे पंचायत समितीच्या मतदारसंघातून, समितीवर गेलो. आमदारकी अजून लांब आहे. तरी लिहितोय, कारण मी जिथे अडकलो ती जागा नव्या पोरांना कोणी आधी दाखवत नाही.

ती जागा म्हणजे आरक्षणाची सोडत. एका गटात (जिल्हा परिषदेच्या मतदारसंघात) दोन गण, हे तुम्हाला माहीत आहे. निम्म्या जागा महिलांना, शिवाय अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, हेही माहीत आहे. पण हे आरक्षण फिरतं म्हणजे नेमकं काय होतं, ते अंगावर आल्याशिवाय कळत नाही. पाच वर्षं तुम्ही एकेका वाडीची पाखाडी (पायऱ्यांची पायवाट), साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), नळपाणी योजना यांच्यामागे धावता. लोक म्हणू लागतात, पुढच्या वेळी गटातून तूच. आणि सोडतीत चिठ्ठी निघते: सर्वसाधारण महिला. त्या संध्याकाळपासून फोन कमी होतात. माझे झाले. कोणी दगा दिलेला नसतो. नियम आहे आणि माझ्या मते तो योग्यच आहे. पण ज्याने सगळं एकाच गटात पेरलं, त्याच्या हातात त्या दिवशी काही उरत नाही.

आता हे विधानसभेशी ताडून बघा. दापोली, गुहागर, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी: रत्नागिरी-सिंधुदुर्गातले हे आठही मतदारसंघ खुल्या प्रवर्गातले. २०२३ च्या घटनादुरुस्तीने विधानसभेत महिलांना एक तृतीयांश जागा ठरल्या आहेत, त्या मात्र जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर येणार. म्हणजे खालच्या पायऱ्या दर निवडणुकीला हलतात, वरची त्यामानाने स्थिर. मग पहिल्या दिवसापासून काम तालुकाभर पसरवा. शेजारच्या गटातल्या शाळेचं छप्पर उडालं तर तिथे जा, ‘आपली हद्द नाही’ म्हणू नका. जिल्ह्यातल्या मतदारयादीत नाव असेल तर दुसऱ्या गटातूनही लढता येतं. तिथे तुमचा चेहरा ओळखीचा हवा, एवढंच.

जागा महिला राखीव झाली की बायकोला उभं करायचं आणि बैठकीत आपण बोलायचं, हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. तिला काम करायचं असेल तर तिलाच करू द्या, अधिकाऱ्यांचे फोनही तिलाच येऊ द्यात. अदिती तटकरे २०१७ मध्ये रायगड जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष झाल्या आणि २०१९ मध्ये श्रीवर्धनमधून विधानसभेत गेल्या. मागे घराणं होतं हे खरं, पण त्यांनी खुर्ची स्वतः चालवली.

घाबरू नका, वाट एकच नाही. दीपक केसरकर सावंतवाडीचं नगराध्यक्षपद सांभाळून २००९ मध्ये आमदार झाले. नारायण राणे तर १९८५ मध्ये मुंबईत नगरसेवक झाले आणि १९९० मध्ये मालवणातून विधानसभेत पोहोचले.

गुरू कोण करावा? पुढारी नको. त्याच्या गाडीमागे फिरून फोटो मिळतात, ए-बी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, मिळेलच असं नाही. एखादा निवृत्त ग्रामसेवक किंवा विस्तार अधिकारी गाठा. ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचा, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकामचा, खाडीत शेती बुडाली तर खारभूमी विभाग, किनाऱ्याची धूप असेल तर पत्तन विभाग. हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याचा अर्ज परत येत नाही. उद्या सभागृहात तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री तोंडी देतात) किंवा लक्षवेधी (तातडीच्या विषयाची सूचना) लिहिताना हीच शिदोरी लागते.

मार्च २०२२ मध्ये आमच्या जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. अनेक चांगले कार्यकर्ते तेव्हा गळले. पद नसताना तहसीलमध्ये बसून म्हातारीचा निराधार योजनेचा कागद पुढे सरकवणारे टिकले. तुमच्यावरही अशी वेळ येईल. ती काढता येते, मी काढली आहे.

कागदाचं एकच सांगतो: हरलात किंवा बिनविरोध आलात, तरी निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्या आणि पोच घ्या. नाहीतर अपात्रता ओढवते. राखीव जागेवर असाल तर जातवैधता प्रमाणपत्र देण्याची मुदत आधी बघा.

आणि मुंबई विसरू नका. गावातल्या मतांचं बरंचसं ठरतं ते वाडीच्या मुंबई मंडळाच्या (मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या संघटनेच्या) सभेत, विरार-नालासोपाऱ्याकडच्या एखाद्या खोलीत. चाकरमानी गणपतीला येतील तेव्हा भेटू, असं म्हणत बसू नका. त्या गर्दीत कोणाला ऐकायला वेळ नसतो. त्याआधी एखाद्या रविवारी मंडळाच्या सभेला जा, मागे बसा आणि त्यांच्या तक्रारी वहीत उतरवून घ्या.