कीटकनाशके आणि नर प्राण्यांची प्रजननक्षमता: प्रयोगातील या चुका टाळा

या विषयावरचे प्रबंध तपासताना सर्वाधिक वेळा खटकते ती प्रयोगाच्या कालावधीतली काटकसर. रॅटमध्ये मूळ जननपेशीपासून शुक्राणू घडायला सुमारे ५२ दिवस लागतात आणि अधिवृषणातून (वृषणालगतच्या, शुक्राणू पक्व होण्याच्या नळीतून) पुढे सरकायला आणखी एक ते दोन आठवडे जातात; माऊसमध्ये घडण्याचाच काळ सुमारे ३५ दिवसांचा असतो. एका विद्यार्थिनीने रॅटना क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक १४ दिवस तोंडावाटे दिले, शुक्राणूंची संख्या नियंत्रण गटाइतकीच (कीटकनाशक न दिलेल्या प्राण्यांइतकीच) भरली आणि तिने ‘परिणाम नाही’ असे लिहून टाकले. वास्तविक तिने मोजलेले शुक्राणू पहिली मात्रा दिली तेव्हाच जवळजवळ घडून झालेले होते. वृषणाच्या काचपट्ट्या आग्रहाने पुन्हा पाहायला लावल्या, तेव्हा शुक्राणू घडवणाऱ्या काही नलिकांच्या पोकळीत गळून पडलेल्या अपक्व पेशी दिसल्या. नुकसान सुरू झाले होते. ते संख्येत उमटायला अवधीच दिला नव्हता. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या दोन पिढ्यांच्या प्रजनन-चाचणीत, म्हणजे मार्गदर्शिका क्रमांक ४१६ मध्ये, मिलनापूर्वी नरांना किमान १० आठवडे मात्रा दिली जाते, ती उगाच नव्हे. सत्र संपत आले म्हणून हा काळ कापणे मला मान्य नाही.

शुक्राणूंची गती नियंत्रण गटातही मंद दिसली, तर कीटकनाशकाकडे बोट दाखवण्याआधी काचपट्टीला हात लावून पाहावा. शुक्राणू ठेवण्याचा द्रव ३७ अंश सेल्सिअसला आणि काचपट्टी गार, हा प्रकार नेहमीचा आहे. मी काचपट्ट्या, पिपेटची टोके आणि द्रव हे सारे आधीच उबवून ठेवते आणि सर्व गटांतले प्राणी आलटून पालटून घेते. नियंत्रण गट सकाळी आणि जास्त मात्रेचा गट दुपारी उरकला, तर वेळेचा फरकच विषाचा परिणाम म्हणून छापला जातो. टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त घेतानाही हेच पथ्य पाळावे.

वृषण साध्या फॉर्मॅलिनमध्ये न टाकता बुऐंच्या किंवा सुधारित डेव्हिडसन द्रावणात (ऊती टिकवणाऱ्या द्रावणांत) स्थिर करावेत. बाजारातले फवारणीचे मिश्रण वापरल्यास त्यातील फक्त द्रावक दिलेल्या प्राण्यांचा वेगळा गट हवाच. शरीराचे वजन घटले की वृषणाचे सापेक्ष (शरीराच्या वजनाच्या प्रमाणातले) वजन आपोआप वाढलेले दिसते, म्हणून प्रत्यक्ष वजनही द्यावे. मादी गाभण राहिली एवढ्यावरून नर निर्दोष ठरवू नये, कारण रॅटमध्ये शुक्राणूंचा साठा इतका मोठा असतो की संख्या बरीच घटूनही पिल्ले होतात.