लग्नपत्रिकांचा पोलिओ विषाणू: करायचा, उघडायचा, पुन्हा जुळवायचा

बारावीच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य दरवर्षी हमखास सापडतं: ‘विषाणू पेशीत शिरतो आणि एकाचे दोन, दोनाचे चार होतात.’ असं वाढतात ते जिवाणू. विषाणू कधीच दुभंगत नाही. मुलांच्या डोक्यातून हे जावं म्हणून गेली अकरा वर्षं मी वर्गात कागदाचा विषाणू करून घेते. कसा, ते सांगते.

विषाणू पोलिओचाच का? माझा थोरला भाऊ दोन वर्षांचा असताना या विषाणूनं त्याच्या कण्यातल्या पाय हलवणाऱ्या पेशी मारल्या आणि त्याचा डावा पाय लुळा पडला, हे पहिलं कारण. दुसरं असं की रचनेनं तो अगदी साधा आहे: प्रथिनांचं कवच आणि आत आरएनएचा एक धागा, म्हणजे नवा विषाणू घडवायची लिहिलेली कृती. कोरोनासारखं चरबीचं वेष्टन त्याला नाही. थर्माकोलच्या गोळ्यात टाचण्या खोचलेला कोरोना बहुतेक शाळांत दिसतो, पण तो उघडता येत नाही. आणि उघडल्याशिवाय विषाणूची पुढची गोष्ट सुरूच होत नाही.

जुन्या लग्नपत्रिका घ्या. जाड असतात, घरोघरी पडून असतात. शिवाय स्केचपेन, चिकटपट्टी, लाल आणि निळी लोकर. फेव्हिकॉल नको, सांधे पुन्हा सुटायला हवेत. एका विषाणूला १० सेंटीमीटर बाजूचे २० समभुज त्रिकोण लागतात. मी पहिल्या विषाणूसाठी २० आणि नंतर तीन गटांसाठी ६०, असे ८० तयार ठेवते. माप नेमकं हवं, नाहीतर शेवटचा त्रिकोण बसत नाही. प्रत्येक त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांत एकेक पाकळी रंगवायला सांगा.

आता घाई करू नका. मुलांना एका बिंदूभोवती सहा त्रिकोण मांडू द्या. ते सपाट बसतात, सहा साठ तीनशे साठ. मग एक काढून टाका आणि उरलेले पाच ओढून जुळवा. कागद आपोआप उचलला जातो आणि वाटीसारखा होतो. हा क्षण मुलांच्या हातात घडू द्या, फळ्यावर काढून दाखवू नका. अशा पाच त्रिकोणांची एक टोपी वर, एक खाली, मध्ये दहाचा पट्टा, की कवच तयार. त्याला १२ टोकं असतात आणि प्रत्येक टोकाभोवती पाच पाकळ्यांचं फूल उमटलेलं असतं. बारा पंचे साठ. खऱ्या विषाणूतही चार प्रथिनांचा एक संच असा ६० वेळा येतो, आणि जुळणी अशाच बारा फुलांनी होते.

एवढी काटकसर कशासाठी? त्याच्या आरएनएत जेमतेम साडेसात हजार अक्षरं आहेत. प्रत्येक तुकड्याची वेगळी कृती त्यात मावणार नाही. म्हणून मोजकीच कृती आणि पुन्हा पुन्हा तोच तुकडा. डीएनएची रचना उलगडणाऱ्या वॉटसन आणि क्रिक यांनी १९५६ साली लहान विषाणूंबद्दल हेच मांडलं होतं.

शेवटचं टोक बंद करण्याआधी आत १५ मीटर लाल लोकर भरा, हा आपला आरएनए. आपलं कवच १९ सेंटीमीटरचं, खरं सुमारे ३० नॅनोमीटरचं. म्हणजे आपण ६३ लाख पट मोठं केलंय आणि धागाही त्याच प्रमाणात हवा. याच मापानं २० मायक्रॉनची पेशी सव्वाशे मीटरची होईल. मुलांना एकदा मैदानावर नेऊन दाखवा, मग वर्गालाच पेशी समजा.

दारावर पुठ्ठ्याची एक खाच लावा: सीडी१५५. पेशीनं हे प्रथिन स्वतःच्या कामासाठी ठेवलेलं असतं, विषाणू नेमका त्यालाच चिकटतो. उंदरांत हे मानवी प्रथिन नसतं, म्हणून पोलिओ त्यांना सहसा होत नाही. खाचेत बसल्यावर टोक उघडा, लोकर आत ओढा आणि रिकामं कवच बाहेर टाकून द्या. मग विचारा, वर्गात आता विषाणू किती? मुलं गोंधळतात. उत्तर आहे, एकही नाही. या काळात पेशी फोडून पाहिली तर रोग देऊ शकेल असा अख्खा नवा विषाणू मिळत नाही. आहे ती फक्त कृती. इथे मी मुद्दाम थोडा वेळ थांबते.

एक मुलगी रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं जोडणारं यंत्र. ती लोकर वाचत कागदाची एकच लांब पट्टी जोडते. खरी पट्टी साधारण २,२०० अमिनो आम्लांची असते. पट्टीवर कात्रीचं चित्र काढून ठेवा. ते आलं की खरी कात्री हातात द्या, कारण पट्टी कापणारं विकर (एन्झाइम) त्या पट्टीतच असतं. कापलेल्या तुकड्यांत आरएनएवरून आरएनए उतरवणारं यंत्रही निघतं, जे पेशीकडून मिळालं नसतं. त्यानं लाल धाग्यावरून निळा उतरवायचा आणि निळ्यावरून लाल, अनेक लाल. निळा ही फक्त साच्यापुरती उलटी प्रत, तो कवचात भरायचा नाही. इथे दर वर्षी कोणीतरी चुकतं, लक्ष ठेवा.

मग तिन्ही गटांनी एकदम जुळणी करायची. एकाचे थेट तीन, आणि त्यांत जुन्या कवचाचा एकही त्रिकोण नाही. खऱ्या पेशीत असे हजारो होतात, पेशी फुटते आणि ते शेजारच्या पेशींवर जातात.

लस काय करते, हा प्रश्न येतोच. तयार विषाणूच्या फुलांवर कागदाचे बोळे चिकटवा. ही लशीमुळे शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला अडवणारी प्रथिनं; त्यांच्यामुळे तो खाचेत बसणार नाही. भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला आढळला. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

दोन तासिका लागतात. त्रिकोण मात्र मी कापत नाही, दादा कापून देतो. खुर्चीत बसून, पट्टी लावून, एकही वाकडा जात नाही. यंदा कापता कापता त्यानं विचारलं, “माझ्या कण्यातल्या एका पेशीला फुटायला किती वेळ लागला असेल गं?” प्रयोगशाळेतल्या पेशींत सहा ते आठ तास लागतात, एवढंच मी सांगू शकले. त्यानं मान हलवली आणि पुढची पत्रिका घेतली.