पूर यायच्या आधीच ठरवा, राहायचं कुठं

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्यामुळे कर्नाळ रोड, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर या भागात राहणाऱ्यांनी ४० फुटांची वाट बघत बसू नये. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की पिशव्या भरायच्या.

आसरा जूनमध्येच ठरवून ठेवा. पहिली पसंती मिरज किंवा कुपवाडच्या उंच भागातल्या पाहुण्यांची. त्यांना आत्ताच स्पष्ट विचारा, किती माणसं आणि किती दिवस. "वरच्या मजल्यावर राहू" हा विचार मात्र मनातून काढाच. वीज जाते, प्यायचं पाणी संपतं आणि म्हातारी माणसं, तान्ही लेकरं होडीतून उतरवणं फार अवघड होतं. कुणीच नसेल तर महापालिकेचं निवारा केंद्र आहे, त्यात कमीपणा कसला? जवळचं केंद्र कोणतं, ते जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करून विचारा. जनावरं असतील तर त्यांची सोय कुठं आहे, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

महिनाभरासाठी खोली भाड्यानं घेणार असाल तर बघितल्याशिवाय ॲडव्हान्स पाठवू नका. पैसे दिल्यावर साध्या कागदावर का होईना, सहीची पावती घ्या. पाहुण्यांकडे गेलात तरी तलाठ्याला कळवा, आपला मोबाईल नंबर द्या. नाहीतर पंचनाम्याला माणसं येतात आणि घराला कुलूप असतं. रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक आणि रोजची औषधं एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.