बडोद्यात बाहेर जेवायचं तर

अलकापुरीत जा, रेसकोर्सला जा किंवा जुन्या पादरा रोडला. बहुतेक हॉटेलांत तेच लांबलचक मेनूकार्ड हातात येतं. पंजाबी, चायनीज, पिझ्झा, डोसा, सगळं एकाच स्वयंपाकघरातून, आणि चव सगळ्याची साधारण सारखीच. ही तक्रार खरी आहे. पण बडोद्याचं खाणं मुळात हॉटेलांत वाढलेलं नाही, ते एकेका पदार्थाच्या दुकानांत आणि लाऱ्यांवर, म्हणजे हातगाड्यांवर, वाढलं. म्हणून हॉटेल शोधत बसू नका. पदार्थ ठरवा, मग त्याची वेळ गाठा.

सुरुवात शेव-उसळीपासून करा. कीर्तिस्तंभाजवळचं महाकाली सगळ्यांना ठाऊक आहे, पण परीक्षा कुठल्याही लारीवर एकाच पद्धतीने घेता येते. ही आपली मिसळ नव्हे: मटकीऐवजी वाटाणा, रस्सा पातळ, तरी आणि लसणाची चटणी वेगळी. पहिला घास तरी न घालता घ्या. त्या रस्स्याला वाटाण्याची गोडसर चव हवी. नुसतं मीठ आणि गरम मसाला लागला, तर वाटाणा एकीकडे उकडून रस्सा दुसरीकडे केलेला आहे. वाटाणा बोटांत दाबल्यावर सहज चिरडावा, पण वाटीत अख्खा दिसावा. पार पीठ झाला असेल आणि जिभेवर साबणासारखी चव रेंगाळत असेल, तर सोडा जास्त पडलाय. पातेलं तळाशी आलं की रस्सा घट्ट होतो, मग त्यात पाणी आणि मीठ पडतं. त्यामुळे गर्दी ओसरल्यावर उशिरा जाण्यात फायदा नाही. शेव एकदम ओतू नका, दोन-तीन वेळा थोडी थोडी घाला. पाच मिनिटांत तिचा लगदा होतो.

लीलो चिवडा घेताना ‘आज केव्हा केला?’ एवढंच विचारा. बटाटा आणि चणाडाळीचा हा चिवडा ओलसर असतो, कोरड्या चिवड्यासारखा महिनाभर टिकत नाही. पाव किलोपेक्षा जास्त घेऊ नका.

चमचमीत तळलेलं घेण्याआधी कढईकडे बघा. तेल काळपट, चिकट, वर फेस आणि मंद आचेवरही धूर, म्हणजे ते अनेकदा तापवलेलं आहे. तळणीच्या तेलात खराब घटकांची (टोटल पोलर कंपाउंड्सची) मर्यादा कायद्याने 25 टक्के आहे. ती डोळ्यांनी मोजता येत नाही, पण ही लक्षणं दिसली की पुढच्या लारीवर जावं.

बसून जेवायचंच असेल तर पंजाबी हॉटेलाचं गणित समजून घ्या. लाल (कांदा-टोमॅटो), पांढरी (काजू आणि मगज, म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) आणि पिवळी, अशा दोन-तीन ग्रेव्ह्या सकाळीच तयार होतात. ऑर्डर आली की त्यातली एक कढईत पडते, वर पनीर किंवा भाजी. म्हणूनच पाच भाज्या मागवल्या तरी टेबलावर दोनच चवी येतात. चौघांत लाल एक, पांढरी एक आणि एक सुकी भाजी पुरे. ऑर्डर देण्याआधी विचारा, ‘यात तिखट आणि मीठ कमी करता येईल का?’ नाही म्हणाले, तर ती आधीच शिजलेली आहे. ‘जैन’ आणि ‘स्वामिनारायण’ यांतला फरकही विचारून घ्या: स्वामिनारायणमध्ये कांदा-लसूण नाही पण बटाटा चालतो, जैनमध्ये बटाटाही नाही. ज्या वाढप्याला हा फरक नीट सांगता येतो, त्या स्वयंपाकघरात बहुधा वेगळं शिजतं.

आमची पसंती मात्र काठियावाडी जेवणाला, तेही थंडीत. वांग्याचा ओळो (भरीत), शेव-टमेटा, लसणिया बटाटा, बाजरीचा रोटला, पांढरं लोणी, गूळ. रोटला आधी चाखा. बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं. रोटला कडू लागला की पीठ जुनं, मग बाकीचं कितीही चांगलं असो. गुजराती थाळीला दुपारी पहिल्या तासातच जा. रोटली तव्यावरून थेट येते आणि फरसाण निवलेलं नसतं. ऊंधियू मकरसंक्रांतीच्या दिवशी मोठ्या प्रमाणावर शिजतं, त्या गर्दीत मुठिया (मेथीचे मुटके) फुटतात आणि कंदापेक्षा बटाटाच जास्त लागतो. आदल्या आठवड्यात खा. खंडेराव मार्केटात ताजी पापडी आणि कंद दिसू लागले की वेळ झाली समजा.

फोनवर शोधताना पदार्थाचं नाव गुजराती लिपीत टाका, इंग्रजीत न सापडणारी दुकानं वर येतात. अभिप्राय ‘नवीन आधी’ लावून तीन ताऱ्यांचे वाचा. एकाच आठवड्यात आलेले, वाढप्याचं नाव घेऊन स्तुती करणारे पाच तारे बहुधा टेबलावर मागून घेतलेले असतात. घरपोच मागवताना अन्नपरवान्याचा 14 अंकी एफएसएसएआय क्रमांक बघा. दोन वेगळ्या नावांखाली तोच क्रमांक असेल तर स्वयंपाकघर एकच.

बिलात साध्या हॉटेलाला जीएसटी 5 टक्के असतो. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, काढायला सांगा.

आणि मराठी जेवण? ते हॉटेलांच्या पाट्यांवर शोधू नका. दांडिया बाजार, रावपुऱ्यात घरगुती ऑर्डर घेणाऱ्या काकूंची चौकशी किराणावाल्याकडे किंवा देवळात करा, आणि पुरणपोळी किमान एक दिवस आधी सांगा. सांगताना एवढं विचारा: ‘काकू, कटाची आमटीही मिळेल ना?’ त्या दिवशी डाळ शिजली असेल तरच कट निघतो. तयार पुरण आणणाऱ्याकडे तो नसतो.