‘ताई, फक्त एक सही’: वडिलांच्या पश्चात भावंडांनी या चुका टाळा

भाऊबीजेला बहीण ओवाळते, फराळ होतो आणि मग विषय निघतो. ‘ताई, उद्या तासभर रजिस्ट्रारकडे येशील? फक्त एक सही आहे.’ ती जाते, न वाचता सही करते, अंगठा लावते. पुढे जमीन विकली जाते, तेव्हा तिला कळतं की आपण हक्कसोडपत्र करून दिलंय. तिथून येणंजाणं तुटतं, आणि ते पैशापेक्षा फसवल्याच्या भावनेनं तुटतं.

बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तो तिचा निर्णय. पण मसुदा आठ-दहा दिवस आधी तिच्या हातात द्या, तिच्या ओळखीच्या वकिलाला वाचू द्या. कोणत्या मिळकतीतला हिस्सा सोडतेय आणि कोणाच्या लाभात, एका भावाच्या की सगळ्यांच्या, हे त्यात स्पष्ट हवं. नोंदणी झालेला हक्कसोड ‘चुकून केला’ म्हणून मागे घेता येत नाही, कोर्टातच जावं लागतं.

‘लग्नात खर्च केला, आता तिचा हिस्सा कसला?’ हा समजही खोटा. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात. (हे सगळं हिंदू वारसा कायद्याचं, तो बौद्ध, जैन, शिखांनाही लागू. इतर धर्मीयांचे आणि गोव्याचे नियम वेगळे.)

सगळ्यात जास्त विसर पडतो तो आईचा. वडिलांनी स्वतः कमावलेला फ्लॅट आहे, मृत्युपत्र नाही, मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. अशा वेळी प्रत्येकाचा चौथा हिस्सा. वडिलांची आई, म्हणजे आजी, हयात असेल तर तीही वारस, मग पाच हिस्से. तरी घरोघरी ‘आम्ही दोघं भाऊ, निम्मं निम्मं’ असाच हिशेब मांडला जातो. आईनं आपला हिस्सा मुलाच्या नावे करायचं ठरवलं, तर बक्षीसपत्रात तिचा सांभाळ करण्याची अट लिहूनच घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली सांभाळ न झाल्यास ते रद्द करून मागता येतं, पण अट लिहिलेली नसेल तर आईची बाजू फार लंगडी पडते.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीनं पैसे किंवा फ्लॅट ताब्यात घेतो. फेरफारातलं, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीतलं, नावही मालकीचा अंतिम पुरावा नाही. तरीही वारसनोंदीत बहिणींची नावं गाळू नका, वाद तिथूनच पेटतो.

आणि सांभाळाचा हिशेब. आईजवळ राहणारा भाऊ आणि वहिनी औषधं, डायपर, रात्रीची जागरणं करतात. दूरचा भाऊ महिन्याला पैसे पाठवून वाटणीला समान उभा राहतो. दोघांचंही खरं असतं, पण बोललेलं काहीच नसतं. एक वही ठेवा: तारीख, खर्च, कोणी दिला. वहिनीला वर्षातून पंधरा दिवस सुट्टी मिळेल, त्या काळात आईजवळ कोण राहील, हेही त्याच वहीत नावानिशी लिहा. आईला ‘तीन महिने इकडे, तीन महिने तिकडे’ फिरवायचं ठरवत असाल, तर आधी तिला विचारा. पाठवताना गोळ्यांची यादी, शेवटचे रिपोर्ट आणि चष्मा पिशवीत वरच ठेवा.