हिवाळ्यात घरच्यांसोबत बोटॅनिकल गार्डनला जाताय? या चुका टाळा

"हिवाळ्यात काय बघायचं तिथे, सगळं वाळलेलं असणार," असं म्हणत निघालेली मंडळी तासाभरात कंटाळून परततात आणि खापर बागेवर फोडतात. ती उन्हाळ्यातल्या बागेचं चित्र डोक्यात ठेवून उशिरा पोचलेली असतात आणि घाईघाईत फिरलेली असतात. रात्री गवतावरचं दव गोठतं अशा थंड भागांतल्या बागांबद्दल मी बोलतेय. दर हिवाळ्यात त्याच चुका बघून जीव वैतागतो.

दुपारी निघणं

हिवाळ्यात बहुतेक बागा अंधार पडायच्या आधी बंद होतात आणि काचघरं अनेकदा मुख्य फाटकाच्याही आधी. जेवून-खाऊन निघाल तर हाती फक्त पार्किंग लागेल. निघायच्या दिवशी सकाळी वेळ पुन्हा एकदा तपासा, कारण जोराचा वारा असेल तर फांद्या पडण्याच्या धोक्यामुळे बाग अचानक बंद ठेवतात.

गोठलेल्या गवतावरून शॉर्टकट

या चुकीचा मला मनापासून राग आहे. एकदा आम्ही दोन-तीन कुटुंबं मिळून गेलो होतो. मी आजीची व्हीलचेअर ढकलत वाटेवरून येत होते. पुढे चालणाऱ्या मावसभावाला वळणाची वाट लांब वाटली. "हिरवळीवरून गेलो तर दोन मिनिटं वाचतील," म्हणत त्याने पाय टाकला आणि मागोमाग मुलांची रांग. पायाखाली कुरकुर आवाज येतो, मुलांना मजा वाटते, मग ती मुद्दाम उड्या मारतात.

बागेतला माळी धावत आला. ओरडला नाही. खाली बसला आणि त्याने मुलांना एक ठसा जवळून दाखवला. गवताची पाती वाकली नव्हती, काडीसारखी मोडली होती. गोठलेल्या पात्यात पाण्याचा बर्फ झालेला असतो. त्यावर वजन पडलं की पेशी फुटतात आणि ऊन लागल्यावर तेवढा भाग तपकिरी-काळा पडतो. थंडीत गवताची वाढ थांबलेली असते, त्यामुळे ते ठसे वसंत येईपर्यंत तसेच राहतात. मग झाडाच्या बुंध्याशी पाचोळा बाजूला करून त्याने स्नोड्रॉपचे, म्हणजे थंडीतच फुलणाऱ्या छोट्या पांढऱ्या फुलाचे कोंब दाखवले, करंगळीच्या पेराएवढे. दोन मोडलेले होते. कळीसकट मोडलेला कोंब त्या वर्षी फुलत नाही, थेट पुढच्या हिवाळ्याची वाट बघायची. दोन मिनिटांपायी ही किंमत!

मी आता फाटकातच मुलांना सांगते की पाय वाटेवर राहतील, डोळे कुठेही जाऊ देत. वाटेच्या कडेला उकिडवं बसलं की पानांच्या कडांवर उभे राहिलेले हिमकण नीट दिसतात आणि गवतही शाबूत राहतं.

आल्या आल्या काचघरात घुसणं

थंडी वाजली की सगळे उष्णकटिबंधीय काचघराकडे पळतात. आत दमट उकाडा असतो. जाड कोट तसेच अंगावर, पाच मिनिटांत मुलं घामाघूम, आणि तशीच ओल्या अंगाने परत बाहेर थंडीत. माझा क्रम ठरलेला आहे. आधी बाहेरची बाग, सगळ्यांची बोटं गार पडू लागली की काचघर, मग उरलेली बाग. काचघर शेवटी ठेवलं तर ते बंद झालेलं असतं. आणि आत शिरायच्या आधी कोट हातात.

कॅमेऱ्याचं तर विचारूच नका. गार लेन्सवर आतली दमट हवा लागली की दव धरतं. मग माणसं रुमालाने पुसत बसतात. लेन्स गार आहे तोवर ती पुन्हा धुरकटणारच. बाहेर असतानाच कॅमेरा पिशवीत घालून घट्ट बंद करा आणि आत गेल्यावर वीस-तीस मिनिटं पिशवी उघडू नका. तेवढा धीर नसेल तर फोटो सोडा, झाडं बघा. फोन मात्र आतल्या खिशात ठेवला तर सहसा त्रास देत नाही.

सगळ्यात मोठा अपराध म्हणजे बाबागाडीसाठी किंवा फोटोसाठी काचघराची दोन्ही दारं उघडी धरून ठेवणं. दोन दारांची सोय गार हवा अडवण्यासाठीच असते. लंडनच्या क्यू बागेतल्या पाम हाऊसमध्ये १७७५ साली दक्षिण आफ्रिकेतून आणलेलं कुंडीतलं सायकॅड (ताडासारखं दिसणारं, अतिप्राचीन कुळातलं झाड) अजून जिवंत आहे. इतकी वर्षं कुणीतरी त्याची ऊब सांभाळली म्हणून ते आपल्याला दिसतं. पहिलं दार पूर्ण लागेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. मागे कुणी तोंड वाकडं केलं तर करू दे.

फक्त फुलं शोधणं

हिवाळ्यात साल बघा. पेपरबार्क मेपलची दालचिनी रंगाची साल पापुद्र्यांनी सुटत असते आणि तिरप्या उन्हात पेटल्यासारखी दिसते. लाल काड्यांचा डॉगवुड पानं गळाल्यावरच खुलतो. सार्कोकोका या झुडपाचं फूल शोधूनही दिसत नाही, पण त्याच्या वासाने माणूस थबकतो. विच हेझल या झुडपाची पाकळी म्हणजे चुरगळलेली पिवळी फीत, कडाक्याच्या थंडीत गुंडाळून बसते आणि ऊब मिळाली की उलगडते. सकाळी गुंडाळलेली दिसली तर परतताना त्याच फांदीपाशी पुन्हा थांबा.

पाट्या न वाचणं

पाटीवर कुळ, शास्त्रीय नाव, मूळ प्रदेश आणि नोंदणी क्रमांक असतो. अनेक बागांत त्या क्रमांकाचे पहिले चार आकडे म्हणजे ते झाड बागेत आलं ते वर्ष. मुलांना "सगळ्यात जुना आकडा शोधा" एवढं सांगितलं की तासभर कुरकुर नाही. एन्सेफॅलार्टोस वुडी या सायकॅडची पाटी दिसली तर तिथे थांबाच. १८९५ साली दक्षिण आफ्रिकेत त्याचं एकच नर झाड सापडलं, मादी आजवर मिळालेली नाही. जगातल्या बागांत जी आहेत ती सगळी त्या एका झाडापासून वाढवलेली. पाटी उपटून हातात घेऊ देऊ नका, ती हरवली की झाडाची ओळख हरवते.

बाकीच्या, थोडक्यात

नकाशावरचं सगळं एका दिवसात उरकायचा हट्ट नको. लोकरी हातमोजे भिजतातच, मुलांची एक जोडी जास्त घ्या. ओला पाचोळा आणि लाकडी पूल बर्फाइतकेच घसरडे असतात, आजी-आजोबांचा हात सोडू नका. तळं गोठलेलं दिसलं तरी त्यावर पाय नाही, म्हणजे नाही.

आणि लाल फळं. ती दिसली की लहान मुलांचा हात जातोच. यू झाडाच्या फळाचा लाल गर सोडला तर पानं, साल, बी सगळं विषारी असतं. डॅफनी या झुडपाची फळंही विषारीच. काही तोंडात गेल्याची शंका आली तर लक्षणं दिसायची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा आणि झाडाच्या पाटीचा फोटो जवळ ठेवा.