सिनेमावर लिहायला सुरुवात करताय? मग या चुका टाळा

दर शुक्रवारी दुपारपर्यंत माझ्या व्हॉट्सॲपवर तीन-चार रिव्ह्यू येऊन पडतात, "सर जरा नजर टाकाल का" म्हणून. पाठवणारी मुलं हुशार असतात, सिनेमावर जीव असतो त्यांचा, पण चुका मात्र वर्षानुवर्षं त्याच, म्हणून आता एकदाच बसून लिहितोय.

पहिली गोष्ट, सिनेमा पूर्ण बघा. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत. हे सांगावं लागतं याचंच मला वाईट वाटतं.

मी एका दैनिकाच्या पुरवणीच्या डेस्कवर होतो तेव्हाची गोष्ट. प्रेस शो, म्हणजे पत्रकारांसाठीचा आधीचा खेळ, गुरुवारी संध्याकाळी होता आणि पान रात्री नऊला छपाईला सोडायचं होतं. आमचा नवीन पोरगा इंटरव्हललाच उठून आला, निर्मात्याकडून आलेली माहितीपत्रिका, म्हणजे प्रेस नोट, पुढ्यात ठेवली आणि तासाभरात पाचशे शब्द लिहून मोकळा झाला. त्यात एक वाक्य होतं की उत्तरार्धातली लावणी सिनेमाला वेगळ्याच उंचीवर नेते. मी सिनेमा बघितला नव्हता, कॉपी स्वच्छ होती, मी ती तशीच छपाईला सोडली. सकाळी दिग्दर्शकाचा फोन. आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी, एवढंच विचारलं की ती लावणी लांबी जास्त होते म्हणून मी शेवटच्या एडिटला काढली, तुम्ही ती कुठे बघितलीत? प्रेस नोट आधीच छापून झालेली होती. आम्ही दुसऱ्या दिवशी खुलासा छापला. पण मला छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. ज्या मुलीने ती लावणी केली होती तिला गाणं कापल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं, तिने आमचा रिव्ह्यू वाचला, गावाकडे सगळ्यांना फोन केले, घरचे गाडी करून तालुक्याच्या थिएटरला गेले आणि सिनेमा संपेपर्यंत तिची वाट बघत बसले. तिने नंतर ऑफिसला फोन केला तो मीच उचलला. काय बोलायचं तेच सुचेना.

तेव्हापासून माझी सवय अशी की प्रेस नोट मी सिनेमा बघून कॉपी लिहून झाल्यावरच उघडतो, तीही फक्त नावांचं स्पेलिंग तपासायला. खिशात छोटी वही असते, अंधारात मोठ्या अक्षरात लिहितो, एका पानावर एकच ओळ, नाहीतर घरी गेल्यावर एकावर एक चढलेल्या ओळी लागत नाहीत. शेवटची श्रेयनामावली सुरू झाली की लोक पायावरून जातात, जाऊ दे, मी बसून संकलक, ध्वनी, कला दिग्दर्शन, वेशभूषा ही नावं हाताने उतरवतो. मोबाइल काढून पडद्याचं शूटिंग करू नका, २०२३ च्या दुरुस्तीनंतर थिएटरमध्ये चोरून रेकॉर्डिंग केलं तर किमान तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आहे.

दुसरी चूक ऑस्करची. भारताने अधिकृत प्रवेशिका म्हणून सिनेमा पाठवला की आमचे लोक लगेच 'ऑस्कर नामांकन' छापतात. 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', 'कोर्ट' हे तिन्ही भारताकडून गेले होते, नामांकन एकालाही मिळालं नाही. परभाषा विभागात आजवर आपल्या तीनच सिनेमांना नामांकन आहे, 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. प्रवेशिका ही पण मोठीच गोष्ट आहे, तिला खोटी कल्हई कशाला? फ्रान्सच्या कान महोत्सवाचंही तेच. राज्य सरकार मराठी सिनेमे तिथल्या फिल्म मार्केटला पाठवतं, तो बाजार आहे, तिथे वितरक सिनेमे बघून विकत घेतात, महोत्सवाची अधिकृत निवड वेगळी. निर्मात्याने 'कानमध्ये झळकला' म्हटलं की कुठल्या विभागात ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आणि 'श्वास'ला मराठीतलं पहिलं सुवर्णकमळ म्हणू नका हो, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा तोच राष्ट्रीय मान, तेव्हाचं राष्ट्रपती सुवर्णपदक, 'श्यामची आई'ला १९५४ मध्येच मिळालंय.

कमाईचे आकडे. हा माझा सगळ्यात दुखरा विषय. सिनेमाची प्रसिद्धी बघणाऱ्या पीआरकडून पोस्टर येतं, त्यावर कोटींचा आकडा, आणि तो जसाच्या तसा हेडलाइनला जातो. अरे, ग्रॉस की नेट? म्हणजे तिकिटांची पूर्ण रक्कम की कर वजा जाता उरलेली? २३६ रुपयांचं तिकीट असेल तर १८ टक्क्यांनी ३६ रुपये जीएसटीचे, नेट राहिलं २००. निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात २००९ ला वाद होऊन जे ठरलं त्याप्रमाणे पहिल्या आठवड्यात नेटचे ५० टक्के वितरकाकडे, मग ४२.५, मग ३७.५, मग ३०. म्हणजे त्या २३६ मधले पहिल्या आठवड्यात साधारण १०० रुपये वितरकाकडे, त्यातून त्याचं कमिशन आणि प्रसिद्धीचा खर्च वजा होऊन उरेल ते निर्मात्याचं. सिनेमा चार कोटीत बनला आणि पोस्टरवर पाच कोटी लिहिलंय म्हणून तो हिट होत नाही, निर्माता अजून कर्जात असू शकतो. मी आकडा लिहिताना पुढे ग्रॉस किंवा नेट आणि कुणी दिला हे लिहितोच, दोन्ही कळलं नाही तर आकडा गाळतो. बातमी त्याने काही मरत नाही.

आणि निधनाच्या बातम्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्यात हॉस्पिटलमध्ये होते, हयात होते, आणि ते गेल्याच्या बातम्या रात्रीत सगळीकडे चालल्या, मोठमोठ्या लोकांनी श्रद्धांजल्या वाहिल्या, शेवटी घरच्यांना पुढे येऊन सांगावं लागलं की ते अजून आहेत. ते गेले २६ तारखेला. हॉस्पिटलच्या दारात बसलेल्या घरच्यांवर आपण हे लादतो, कशासाठी, तर दहा मिनिटं आधी चालवली म्हणून? मी घरचं माणूस किंवा हॉस्पिटल, यांच्यापैकी एकाने स्वतः सांगितल्याशिवाय एक अक्षर टाइप करत नाही. सहकलाकाराची पोस्ट मी पुरावा धरत नाही, त्यालाही ते फॉरवर्डच आलेलं असतं.

बाकीचं थोडक्यात. रिव्ह्यूत 'छायांकन नेत्रसुखद, पार्श्वसंगीत साजेसं' एवढंच लिहायचं असेल तर ती ओळ काढा, एक शॉट आठवून लिहा, तो का लक्षात राहिला ते लिहा. निम्म्या रिव्ह्यूत कथा सांगू नका. मुलाखतीला जाताना त्या माणसाची आधीची दोन कामं तरी बघून जा, 'या भूमिकेची तयारी कशी केली' हा प्रश्न त्याने सकाळपासून वीस जणांकडून ऐकलेला असतो. पैसे घेऊन व्हिडिओ केलात तर त्यावर जाहिरात असं स्पष्ट लिहा, आणि त्याच सिनेमाचा रिव्ह्यू करू नका. कुणी पैशांचं पाकीट दिलं तर परत करा, पहिल्या वेळीच, दुसऱ्या वेळी जमत नाही.

आणि घाई. सहा महिन्यांत प्रीमियरचे पास, वर्षात स्टारची ओळख असं हवं असतं मुलांना. मी सांगतो, त्याआधी पुण्याला जा. लॉ कॉलेज रोडला जुने सिनेमे जपून ठेवणारं फिल्म अर्काइव्ह आहे, १९६४ पासूनचं, एफटीआयआय या तिथल्या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेबरोबर त्यांचा फिल्म ॲप्रिसिएशनचा, म्हणजे सिनेमा कसा बघावा याचा कोर्स होतो. 'संत तुकाराम' १९३६ चा आहे, तो मोठ्या पडद्यावर बघायला मिळाला तर रजा टाकून बघा, वही घेऊन बसा, आणि परत आल्यावर मला रिव्ह्यू पाठवा. तो मी रात्री जागून वाचीन.